पाऊण झालेला कठडा

रविवार, १६ नोव्हेंबर

आज पोचले. रविवारी जन्मले म्हणून आकोसुआ नाव पडलं, आणि रविवारीच नव्या जागी पाऊल टाकलं. शकुन चांगला म्हणायचा. एजुराच्या रस्त्यावर वळणापाशी प्रवाशांची ट्रोट्रो गाडी थांबली. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत चटई, हातात उकडलेल्या कंदांचा फुफू कांडायचं मुसळ, अशी मी चढ चढून आले. सुट्टी असूनही दोन गवंडी घराच्या सावलीत ड्राफ्ट्सचा पट मांडून बसले होते. त्यातला एक म्हणाला, आई, घर राखायला आलीस की आम्हाला कांडायला? मी म्हटलं, आळशी दिसलात तर दोन्ही. तेव्हापासून मला सगळे आईच म्हणतात.

घर मादाम सेरवाचं. ती हॅम्बुर्गला असते, दोन वर्षांतून एकदा येते. दोन मजले, वर छप्पर चढलंय, पण पुढचं दार अजून नाही आणि खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत. मला खालची खोली दिली, जिथे आधी सिमेंट ठेवत होते. झाडून घेतली तरी करड्या धुळीचा वास आहेच. खोलीला दार मात्र चांगलं आहे. ते माझ्या नवऱ्याने, क्वाबेनाने केलेलं. आत येताना मी त्यावर हात ठेवला. गुळगुळीत आहे, कुठे कुसळ लागत नाही.

जूनच्या पावसात माझा नवरा याच घराच्या वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत पडला. हे आत्ताच लिहून टाकते, म्हणजे पुन्हापुन्हा लिहावं लागणार नाही. असा अवचित गेलेला माणूस जिथे पडला तिथेच थांबून राहतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मग कुळातला थोरला येतो, जमिनीवर दारू ओततो, नाव घेऊन हाक मारतो, ये, घरी जाऊ, आणि त्याला बरोबर घेऊन जातो. क्वाबेनाचं शरीर गावी नेलं, पुरलं, रडणं-गाणं सगळं झालं. पण ओपानिन डार्टे, कुळाचे थोरले, तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. हाक मारायची राहून गेली. वर्ष सरायच्या आत मारू म्हणालेत.

मादामने फोन करून विचारलं, घर राखायला येशील का, तेव्हा मी विचार न करता हो म्हटलं. माझ्या लेकीला, पोकुआला वाटतं मी पोटासाठी आले. तेही आहे. पण तो इथे एकटा आहे, हेही होतं. ते तिला सांगितलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज मुकादम मास्टर दोनकोरने मला काम शिकवलं. माणूस सरळ आहे, पण प्रत्येक वाक्यानंतर घसा खाकरतो.

घराची सगळी कामं मादामने फोनमधल्या एका यादीत ठेवली आहेत. तिकडे ती बघते, इकडे आपण. गिलावा, संडासाची फरशी, मागची भिंत, विटांवर पाणी मारणे, असं एकाखाली एक. प्रत्येक कामापुढे एक छोटं रिकामं वर्तुळ. जेवढं काम झालं तेवढं बोटाने फिरवायचं, की तेवढं हिरवं भरतं. पाव, अर्धं, पाऊण. पूर्ण भरलं की फोन एकदा किणकिणतो आणि काम यादीतून निघून जातं, पुन्हा दिसत नाही. रोज संध्याकाळी कामगार गेले की सगळीकडे फिरून बघायचं आणि वर्तुळं सरकवायची. आधी हे क्वाबेना करायचा.

फोनही त्याचाच आहे. तोच मी वापरते. त्यामुळे मी काहीही सरकवलं तरी खाली बारीक अक्षरात नाव येतं, क्वाबेना. दोनकोर म्हणाला, हे बदलून घ्यायला हवं. मादामला विचारलं तर म्हणाली, राहू दे गं, नाव दिसलं की बरं वाटतं. मलाही वाटतंच. म्हणून राहू दिलं.

क्वाबेना कुठलंही काम पूर्ण म्हणायचा नाही. दार बसवून, तेल लावून, माणसं त्यातून ये-जा करायला लागली तरी हा म्हणणार, पाऊण. सूप कसं झालंय विचारलं की पाऊण. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यावर जीव आहे का विचारलं, तेव्हाही पाऊण. मी लाटणं उगारलं की हसून म्हणायचा, अगं, पूर्ण झालं की सुतार हत्यारं आवरून उठून जातो. पाऊण आहे तोवर बसलाय.

यादीत त्याचं एक काम अजून आहे. वरच्या मजल्याचा कठडा. पाऊण. त्या कठड्याला कुणी हात लावत नाही. नवा सुतार फुसेनी फक्त दारं करतो. म्हणतो, मेलेल्या सुताराला हाक मारून नेईपर्यंत त्याचं काम त्याचंच. क्वाबेनाची हत्यारांची पेटीसुद्धा जिन्याखाली आहे तशीच आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दिवस बरे जातात. सकाळी विटांवर पाणी मारते, मजुरांना कसाव्याची भाजलेली गारी भिजवून देते, दुपारी वाचते. वाचायला मी कुणाकडे शिकले नाही. मक्याच्या केंकीच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांवर आणि चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकावर शिकले. अजून ओठ हलवूनच वाचते. त्यामुळे गवंडी विचारतात, आई, आमच्यावर मंत्र टाकतेस का?

वळणावर एनो बिरागो केळी भाजून विकते. सगळ्या गावाची एनो, म्हणजे आईच. जिभेला धार, हात मोकळा. पहिल्या दिवशी माझ्या काळ्या कपड्यांकडे बघून म्हणाली, विधवा बाई, त्यात अर्ध्या घरात राहते, त्यात पुस्तक वाचते. तुझ्यापुढे चोरच घाबरून पळतील. आणि वर एक केळं जास्त घातलं.

पोकुआ ताकोराडीला असते, तिचा नववा महिना जवळ आलाय. रोज म्हणते, ये. मी म्हणते, माझं विधवेचं वर्ष सरू दे. काळे कपडे उतरले की पांढरे नेसून येईन आणि तुझं बाळ मांडीवर घेईन, मग हाकललंत तरी जाणार नाही. हे खरंच ठरवलं आहे. त्याच्यासाठी यादीत मी माझं एक काम घातलं. नाव दिलं, माझं वर्ष. अर्ध्याच्या जरा अलीकडे आहे. रोज केसभर सरकवते.

संध्याकाळ मात्र जड असते. मजूर गेले की घर मोठं होतं. मी फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते आणि वर्तुळं सरकवत मोठ्याने सांगते, गिलावा अर्धा झाला रे. फरशी पाऊण. सवय लागली आहे. दिवसभरात मी कुणाशी मनातलं बोलत असेन तर ते एवढंच.

मंगळवार, ९ डिसेंबर

हर्मातान सुरू झाला. वाळवंटाकडचा कोरडा वारा. सूर्य पिठाच्या चाळणीतून बघावा तसा दिसतो, ओठ फुटतात, फळ्या आपोआप कडकड वाजतात.

आज कठड्याचं वर्तुळ पाऊणच्या पुढे होतं. थोडंच. मी सरकवलं नाही. खाली नाव क्वाबेना, पण ते तर माझ्या हाताने केलं तरी येतं. वाटलं, बोट लागलं असेल. तरी वर जाऊन बघितलं. कठड्यात एक नवीन उभा दांडा बसवलेला. ताजं ओदुम लाकूड, खाली भुसा.

दोनकोरने सगळ्यांना ओळीने उभं करून विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. फुसेनी वाकून खाच बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ही खाच डाव्या हाताने पाडली आहे. इथे डावखुरा कुणी नाही.

क्वाबेना डावखुरा होता. हे फुसेनीला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

कामगार गेले. नाताळसाठी दरवर्षी जातात, पण या वेळी लवकर गेले. कठड्यात आणखी दोन दांडे आले होते. जो तो थट्टा करत होता, क्वाबेना आमची मजुरी खाणार म्हणून, आणि थट्टा करतानाच सामान बांधत होता. दोनकोर म्हणाला, आई, तुम्हीही जा ताकोराडीला. मी म्हटलं, घर कोण राखणार? त्याने घसा खाकरला नाही. पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

मादामचा संदेश आला. सणातही काम चालू ठेवलंत, कठडा किती पुढे गेला, देव तुमचं भलं करो.

मंगळवार, २३ डिसेंबर

दुपारी ऐकू येतं. सगळं पांढरं, धुळकट, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि वर पटाशीवर हातोडा. दोन ठोके, थांबणं, फुंकर. दोन ठोके, थांबणं, फुंकर. भुसा उडवायला तो अशीच फुंकर घालायचा.

पहिल्यांदा मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मग मी शेंगदाणे घेतले आणि जिन्याच्या पायथ्याशी सोलत बसले. वर बघितलं नाही. खूप दिवसांनी घरात दोघं असल्यासारखं वाटलं. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगितल्या. पोकुआचे पाय सुजतात. ओपानिन आता काठी घेऊन चालतात. माझं बोलणं चालू असताना ठोके थांबायचे. ऐकत असावा.

गुरुवार, २५ डिसेंबर

चर्चला जाऊन आले. लोक माझ्या शेजारची जागा सोडून बसले. काळ्या कपड्यांमुळे असेल.

घरी शेंगदाण्याचं सूप केलं, कोंबडी घातली, फुफू कांडला. एकटीला फुफू कांडता येत नाही, एकाने मुसळ मारायचं आणि दुसऱ्याने पीठ फिरवायचं. तरी कांडला. दोन ताटल्या वाढल्या, एक जिन्यापाशी ठेवली. मग काय सुचलं कोण जाणे, यादीत घातलं, नाताळचं सूप. वर्तुळ रिकामं सोडलं. फोन तिथेच ठेवून हात धुवायला गेले.

परत आले तर पाऊण भरलं होतं.

मी इतकी हसले की डोळे पुसावे लागले. जून महिन्यानंतर अशी हसले नव्हते.

शनिवार, २७ डिसेंबर

एनो बिरागोकडे गेले होते. तिने आपणहून विचारलं, तुझ्या घरात सुट्टीत ठोकाठोक कसली चालते, वळणापर्यंत ऐकू येते. मी तिला सगळं सांगितलं. फोन दाखवला. तिला अक्षरं येत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवलं. तिने हातातला पंखा खाली ठेवला. केळी करपायला लागली तरी तिने ती परतली नाहीत.

म्हणाली, "कुणाच्या नावानं लिहितेस, पोरी?"

मी सांगितलं.

"म्हणजे रोज तिन्हीसांजेला तू त्या मेलेल्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारतेस. घरी चल म्हणून नाही, कामाला चल म्हणून. आणि वर सांगतेस की काम अर्धं पडलंय. सुतार ना तो? मग उठेल कसा?"

मी म्हटलं, तो काही त्रास देत नाही. सोबत होते.

एनो म्हणाली, सोबत तर माझ्या गुडघेदुखीचीही होते. मग आवाज उतरवून म्हणाली, तो तुझा नवरा होता तेव्हा अख्खा होता. आता जे वर बसलंय ते अर्धवट आहे. त्याला तू माहीत नाहीस, त्याला फक्त काम माहीत आहे. गावी फोन कर. थोरल्याला आण. तोवर त्या घरात राहू नको, माझ्याकडे ये.

तिच्या एका खोलीत ती, सून आणि तीन नातवंडं. मी म्हटलं, बघते.

सोमवार, २९ डिसेंबर

गावी फोन केला. ओपानिनचा भाचा म्हणाला, शनिवारी गाडी करून येतो, मामांना घेऊन, दारू घेऊन. मन हलकं झालं. मग लगेच जडही झालं.

एनोने सांगितलं होतं, ते येईपर्यंत त्याला पुढचं काम देऊ नको. कठडा पूर्ण झाला म्हणून सांग, मोठ्याने सांग, आणि यादीतून जाऊ दे. मी जिन्यात उभी राहिले. वर्तुळ जवळजवळ भरलेलं, नखाएवढी फट. बोट ठेवलं. वर ठोके चालू होते. दोन ठोके, फुंकर. एकदा किणकिणलं की हे थांबणार. मग पुन्हा ते घर, आणि मी खोल्याखोल्यांतून मोठ्याने बोलत फिरणार, आणि ऐकायला कुणी नाही.

बोट उचललं. म्हटलं, शनिवार तर आहेच.

खोलीत येऊन बघते तर यादीत एक नवीन काम. मी घातलेलं नाही. नुसतं नाव आहे. आकोसुआ. वर्तुळ रिकामं.

मंगळवार, ३० डिसेंबर

मादामला विचारलं. तिने घातलेलं नाही. तिला वाटलं मीच गमतीने घातलं.

दुपारी जेवून आडवी झाले, डोळा लागला. उठले तर घोट्याच्या वर एक रेघ, दोन्ही पायांना, गोल फिरलेली, अगदी सरळ. सुताराच्या चपट्या पेन्सिलीची. लाकूड कापण्याआधी आखतात तशी. थुंकी लावून घासली. जात नाही.

रेघेच्या खाली पाय बधिर आहेत. चिमटा काढला तर कळत नाही. टिचकी मारली तर आवाज येतो.

वर्तुळ पाव भरलं आहे.

उद्या सकाळी निघते. ताकोराडीला. वर्ष गेलं खड्ड्यात.

बुधवार, ३१ डिसेंबर

निघाले होते. पेटी घेतली नाही, फक्त फोन, ही वही आणि पोकुआच्या बाळाचं टोपडं. फाटकापर्यंतही पोचले नाही. पाय उचलत नाहीत, पुढे ढकलावे लागतात. वाळूच्या ढिगाशी पडले. सरपटत परत आले, सावलीसाठी.

एनो सुनेच्या माहेरी गेली आहे, उद्या-परवा येईल. दोनकोरचा फोन बंद. भाच्याला सांगितलं लवकर या; म्हणाला गाडी शनिवारचीच मिळाली आहे, मावशी, धीर धरा. मादाम म्हणाली, विश्रांती घे, वारं लागलं असेल, सण झाला की डॉक्टरकडे जा. पोकुआला सांगितलं नाही. तिचे दिवस भरलेत. ती म्हणाली, आई, तुझा आवाज पोकळ येतोय. मी म्हटलं, रिकामं घर आहे ना.

दुपारी झोपायचं नाही ठरवलं होतं. झोपले.

रेघ गुडघ्यांच्या वर आहे.

गुरुवार, १ जानेवारी

अर्धं.

रेघ कमरेवर. कपड्यांच्या आतून, कातडीवर. बसता येत नाही, आडवी पडून लिहिते.

यादीतून माझं नाव काढून टाकलं. गेलं. वही उचलेपर्यंत परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त भरलेलं. पुन्हा काढलं. पुन्हा आलं, आणखी भरून. आता काढत नाही.

मग कठडा पूर्ण केला. खरंच केला, बोट पूर्ण फिरवलं, ओरडून सांगितलं, झालं रे क्वाबेना, पूर्ण झालं, ऊठ. किणकिणलं नाही. वर्तुळ माझ्या डोळ्यांसमोर मागे सरकलं, पुन्हा नखाएवढी फट. खोटं पूर्ण त्याने कधीच चालवून घेतलं नाही.

मी सोमवारीच सांगायला हवं होतं. सोमवारी तो ऐकत होता.

वर ठोके नाहीत आज. रंधा चालतो आहे. पण वर नाही. जवळ —

शुक्रवार, २ जानेवारी

उजेड झाला तेव्हा मी उभी होते.

वरच्या मजल्यावर. कठड्यापाशी. जिन्याची पोकळी समोर. कसं आणलं माहीत नाही. वही हातात दिली आहे, पेन्सिलही. चपटी.

कठडा सुंदर झाला आहे. एकही दांडा वाकडा नाही. एकच जागा मोकळी आहे. तो जिथून पडला ती. मी त्या जागेत उभी आहे. पाठ अगदी बरोबर बसते. माझ्या मापाची आहे.

डावा हात अंगाला चिकटला आहे. त्यावर तेलाचा वास. त्याचंच तेल, दारांना लावायचा ते.

चेहरा बघायचा प्रयत्न केला. नाही. हात आहेत. फुंकर आहे. मधे काही नाही. एनो खरं बोलली. पाऊणसुद्धा नाही तो —

पोकुआचा फोन वाजतो आहे. खाली खोलीत. वाजतो, थांबतो, वाजतो. मुलगा की मुलगी —

रेघ गळ्याशी.

शनिवार, ३ जानेवारी

गाडी आली. फाटकाचा आवाज. एनो माझं नाव घेऊन ओरडते आहे. मी ओ देते. तोंडातून लाकूड तडकल्यासारखं काहीतरी. तिला वाटलं हर्मातान.

जिन्याखाली उभे राहिले सगळे. ओपानिन काठी टेकून. दारू ओतली, वास वर आला. ओपानिन म्हणतात,

"क्वाबेना, तुझं इथलं काम झालं. ये, घरी जाऊ."

वर बघत नाहीत. अशा वेळी वर बघायचं नसतं.

तो थांबला. ऐकतो आहे. जायचं आहे त्याला, किती जायचं आहे, हे कळतं मला. पण फट आहे ना अजून. नखाएवढी. उजवा हात राहिला आहे फक्त, मनगटापासून —

माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला त्याने. कुसळ आहे का बघतात तसा. असंच बघायचा तो. वळून, डोकं वाकडं करून. म्हणजे विचारतो आहे. कसं झालंय.

पाऊण. क्वाबेना, पाऊणच आहे. ऐक. पाऊणच असू दे. पूर्ण झालं की तू उठून जाशील आणि मी इथे या घरात एकटी —

खाली फोन किणकि